शिक्का कोणीं उचलावा?

मनुष्य मर्त्य आहे, हें सांगावयास तत्त्ववेत्ता लागत नाहीं. परंतु मनुष्यानें चालविलेलें काम मात्र त्याच्या मरणाबरोबर मरूं नये, अशी इच्छा मनुष्यजातीनें फार पूर्वीं धरली, आणि राज्य, मठ, पेढी, पाठशाळा या सर्व संस्था त्या एका इच्छेंतून जन्मास आल्या. पण या संस्थांच्या पोटांत एक अवघड प्रश्न दडलेला असतो, आणि तो सुखाच्या दिवसांत कोणास आठवत नाहीं. ज्याच्या हातीं शिक्का आहे तो एकाएकीं बोलेनासा झाला, तर त्याच्या जागीं कोणीं उभें राहावें? किती वेळ वाट पाहून उभें राहावें? आणि तो मेला नसून केवळ दूर अडकलेला असेल, तर तो परत आल्यावर त्यास काय सांगावें?

हा प्रश्न आतां केवळ राजवाड्यांतला राहिलेला नाहीं. सांगलीच्या हळदीच्या पेठेंत एखाद्या गृहस्थानें मोबाइलवरून पैसे दिले, म्हणजे त्या देण्याची नोंद कोठें तरी एका डेटाबेसांत होते. डेटाबेस म्हणजे संगणकांतील खातेवही. ही वही एकाच यंत्रावर ठेवली तर त्या यंत्राबरोबर तीही बुडेल. म्हणून तिच्या तीन किंवा पांच प्रति निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात. त्यांपैकीं एक यंत्र मुख्य. नवी नोंद प्रथम तेथें व्हावयाची, आणि मग इतरांनीं ती उतरून घ्यावयाची. यंत्रांच्या अशा जुडग्यास क्लस्टर म्हणतात. मुख्य यंत्रावर अखंड पहारा ठेवणें, आणि तें पडलें तर एखाद्या प्रतीस मुख्यपद देणें, हीं दोन कामें ज्या तंत्रज्ञांकडे असतात, ते आमच्या समजुतीप्रमाणें नकळत राजनीतीचाच अभ्यास करीत असतात. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञानें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत हा विषय पॅक्सॉस नांवाच्या ग्रीक बेटावरील एका कल्पित विधिमंडळाच्या गोष्टीच्या रूपानें मांडला, यांत आम्हांस कांहीं नवल वाटत नाहीं.

प्रथम नुसती प्रत उतरून घेण्याचा विचार करूं. तिच्या दोन रीति आहेत. एक अशी कीं, प्रतीनें ‘उतरलें’ असें कळविल्यावांचून मुख्यानें गिऱ्हाइकास ‘झालें’ म्हणूं नये. दुसरी अशी कीं, मुख्यानें ‘झालें’ म्हणून मोकळें व्हावें आणि प्रतीनें मागाहून सवडीनें उतरून घ्यावें. पहिलींत विलंब आहे, दुसरींत धोका आहे. कारण मुख्य पडलें त्या क्षणीं जें उतरावयाचें राहून गेलें असेल, तें वचन बुडालेंच. आपल्या घरोघरीं ही दुसरी रीत फार चालते. कर्ता पुरुष देणेंघेणें, विम्याचे कागद, जमिनीचे व्यवहार सगळे मनांत ठेवतो, आणि ‘मी आहे ना!’ एवढ्या एका वाक्यावर घर निश्चिंत असतें. तो एके दिवशीं उठत नाहीं, आणि मग त्याचीं वचनें त्याच्याबरोबर जातात. आपल्यामागें ज्याची दुसऱ्या कोणास वार्ताही नाहीं असें वचन देणें, म्हणजे दुसऱ्याचें धन आपल्या आयुष्याच्या भरंवशावर उधळणें होय.

आतां पहाऱ्याकडे वळूं. रात्रीचा पहारेकरी ठराविक वेळीं ‘आलबेल’ अशी आरोळी देतो. ती ऐकूं आली म्हणजे बाकीचे निर्धास्त निजतात. मुख्य यंत्रही असेंच दर कांहीं क्षणांनीं आपली आलबेल देत असतें. ती ऐकूं येईनाशी झाली म्हणजे काय समजावें? पहारेकरी मेला असेल. त्याचा डोळा लागला असेल. किंवा तो जागा असून ओरडतही असेल, पण मध्येंच वारा फिरल्यामुळें त्याचा शब्द आपल्यापर्यंत पोंचत नसेल. या तिन्ही गोष्टी आपल्या कानांस सारख्याच लागतात. फिशर, लिंच आणि पॅटर्सन या तिघां शास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं गणितानें असें सिद्ध केलें कीं, जेथें निरोपास किती वेळ लागेल याची मर्यादाच नाहीं, तेथें मंडळींतील एक जरी बंद पडण्याचा संभव असला, तरी सर्वांचें एकमत हटकून घडवून आणील असा ठाम नियम शोधून सांपडणार नाहीं. मौनाचा अर्थ निश्चित लावतां येत नाहीं, हें येथें केवळ कवींचें म्हणणें राहत नाहीं. तो सिद्धांत ठरतो.

निश्चित ज्ञान मिळणार नाहीं, आणि निर्णय तर घेतलाच पाहिजे, अशा स्थितींत शहाण्यानें काय करावें? याचें उत्तर सांगलीकरांस पुलावर उभें राहून मिळतें. कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ सालीं खुला झाला, आणि आज पावसाळ्यांत सांगलींतील प्रत्येक घर त्या पुलाजवळचें पाणी किती फूट झालें याची चौकशी करीत असतें. ४० फुटांस इशारा, ४५ फुटांस धोका, हे आंकडे तेथें ठरून गेलेले आहेत. वर सातारा जिल्ह्यांत कोयनेच्या धरणांतून किती पाणी सुटलें आणि खालीं कर्नाटकांत अलमट्टीस किती अडलें, यावर दर वर्षीं वाद होतात. तो वाद खरा कीं खोटा हें भर पुरांत ठरवावयाचें म्हटलें तर पाणी थांबणार नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांच्याही वर गेलें. पण आंकडा ठरलेला असला म्हणजे घर केव्हां सोडावें हा प्रश्न त्या रात्रीं नव्यानें सोडवावा लागत नाहीं. तो उन्हाळ्यांतच सुटलेला असतो. उलट ज्या आंकड्यापुढें करावयाची कृति ठरलेली नाहीं, तो रोज पाहणें ही करमणूक होय. त्यास पहारा म्हणतां येणार नाहीं.

हीच गोष्ट मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारास एकदां महागांत शिकावी लागली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं दळणवळणाच्या तारांत बिघाड झाल्यामुळें तेथील व्यवहार सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांनीं थांबले, ते दुपारीं पावणेचारास पुन्हा सुरू झाले. अशा प्रसंगासाठींच दुसऱ्या ठिकाणीं सज्ज केलेली यंत्रणा होती. पण काम तिकडे नेण्यांत आलें नाहीं. आतां नीट होईल, मग नीट होईल, या आशेंत तास जातात, हा सर्वत्रांचा अनुभव आहे. पुढच्याच महिन्यांत सेबीनें नियम केला कीं, महत्त्वाची यंत्रणा अडली तर ३० मिनिटांच्या आंत संकट जाहीर करावें, आणि त्यापुढें ४५ मिनिटांत काम पर्यायी ठिकाणाहूनही सुरू करण्याची व्यवस्था करावी. आमच्या मतें या नियमाचें खरें मोल मिनिटांच्या हिशेबांत नाहीं. आशा केव्हां सोडावी, हें ज्याला आशा आहे त्याच्यावर सोंपवूं नये, हें त्या नियमानें मान्य केलें, यांत तें आहे.

पहाऱ्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गिटलॅब नांवाच्या कंपनीच्या एका तंत्रज्ञाच्या हातून ३१ जानेवारी २०१७ रोजीं दुय्यम प्रतीऐवजीं मुख्य डेटाबेसच पुसला गेला. मग राखीव प्रति शोधूं लागले, तों त्यांपैकीं नेहमींची प्रत कित्येक दिवस निघतच नव्हती असें आढळलें. ती निघत नाहीं अशी सूचना देणारीं पत्रें यंत्र इमानानें पाठवीत होतें; पण टपालाच्या दारावरच तीं नाकारलीं जात होतीं! सुदैवानें कोणी दुसऱ्याच कामासाठीं सहा तासांपूर्वीं एक नक्कल घेऊन ठेवली होती, म्हणून नुकसान त्या सहा तासांपुरतें राहिलें. ओरड ऐकूं आली नाहीं याचा अर्थ सर्व ठीक आहे असा नव्हे. म्हणून पहारेकऱ्यानें केवळ संकटांत ओरडून भागत नाहीं. ठीक असतांनाही त्यानें आलबेल दिली पाहिजे, आणि ती न आल्यास कोणी तरी उठून पाहावयास गेलें पाहिजे.

येथवर यंत्रांची गोष्ट झाली. पण जुनें दप्तर उघडलें तर हाच प्रश्न आमच्या महाराष्ट्रानें केवढ्या मोठ्या प्रमाणावर सोडविला, आणि पुढें केवढ्या मोठ्या प्रमाणावर चुकविला, हें दिसून येतें. १६७७ सालीं शिवाजीमहाराजांनीं दक्षिणेंत जिंजी घेतली. त्यानंतर बारा वर्षांनीं, १६८९ च्या मार्चांत, संभाजीमहाराजांचा वध झाला आणि रायगडास वेढा पडला. त्या वेळीं किल्ल्यावर महाराणी येसूबाई, सात वर्षांचे शाहू, आणि राजाराममहाराज असे सर्व एकत्र होते. सर्वांनीं एकाच किल्ल्यांत राहणें म्हणजे सर्व प्रति एकाच पेटींत ठेवणें! राजारामांनीं बाहेर पडावें व आपण मुलासह मागें राहावें, असा सल्ला येसूबाईंनीं दिल्याचें परंपरा सांगते. राजाराम एप्रिलांत निसटले आणि वर्षाच्या अखेरीस जिंजीस पोंचले. रायगड पडला, आणि मायलेकरें मोगलांच्या हातीं गेलीं. येसूबाईंची सुटका व्हावयास १७१९ साल उजाडलें. त्यांच्या त्यागाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस त्यांच्या बुद्धीचेंही नवल वाटतें. राज्य कोणा एका देहांत नसून तें चालूं राहण्यांत आहे, हें त्या भर वेढ्यांत ओळखीत होत्या.

जिंजी दूर होती, निरोपास महिने लागत. म्हणून इकडे महाराष्ट्रांत रामचंद्रपंत अमात्यांस ‘हुकूमतपनाह’ करून, प्रत्येक गोष्ट विचारीत न बसतां निर्णय घेण्याची मुखत्यारी दिली. अधिकार आधीं दिलेला होता, म्हणून तो पुढें बळकवावा लागला नाहीं. १६९८ सालीं जिंजी पडली, पण तोंवर राजाराम तेथून निसटले होते. साताऱ्यास राजधानी झाली. १७०० सालीं ते वारले. आणि औरंगजेबासारख्या शत्रूपुढें महाराणी ताराबाईंनीं सात वर्षें राज्य नुसतें टिकविलें नाहीं, तर चढाईस नेलें. येथवर जें घडलें तें क्लस्टर चालविणाऱ्या कोणाही तंत्रज्ञानें हेवा करावा असें आहे.

पण एक गोष्ट ठरावयाची राहिली होती. राजारामांनीं आपण शाहूच्या वतीनें कारभार पाहतों अशी भूमिका ठेविली होती, असें इतिहासकार सांगत आले आहेत. ताराबाईंचें म्हणणें असें कीं, पूर्वींचें राज्य गेलेंच होतें, हें नवें राज्य माझ्या पतीनें मिळविलें. दोन्ही म्हणण्यांत अर्थ आहे. पण दोन्हींपैकीं कोणतें खरें, हें मूळ धनी परत येण्यापूर्वीं कोणीं ठरविलें नाहीं. १७०७ सालीं औरंगजेब मेला, आणि अठरा वर्षांच्या कैदेनंतर शाहू परतले. ताराबाईंनीं ते तोतया आहेत असें जाहीर केलें. त्याच वर्षीं खेडास लढाई झाली, धनाजी जाधव शाहूंस मिळाले, आणि १७०८ च्या जानेवारींत शाहूंचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. तरी दुसरी गादी मिटली नाहीं. ती पन्हाळा-कोल्हापुरास चालूं राहिली. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत म्हणतात. येथें एका दौलतींत दोन शिक्के राहिले. देशमुखांस दोन्हीकडून पत्रें येऊं लागलीं, एकच वतन दोघांच्या हुकमानें दोघांस मिळूं लागलें, आणि दोन्ही दरबार आपल्या कागदावर तोच राज्याभिषेक शक लिहीत असल्यामुळें, कोणता हुकूम अलीकडचा हें कळत असलें तरी कोणता खरा हें कागदावरून कळण्याची सोय नव्हती. हा प्रकार मिटावयास १७३१ सालचा वारणेचा तह व्हावा लागला. वारणा सांगलीजवळ हरिपुरास कृष्णेला मिळते. पाणी तेथें एक होतें, पण राज्य मात्र त्याच पाण्यानें कायमचें दोन केलें.

यंत्रांच्या जगांत यालाच दुभंगलेला मेंदू म्हणतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजीं गिटहब या कंपनीचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील संबंध अवघे ४३ सेकंद तुटला. पहारा चोख होता, इतका चोख कीं त्यानें तेवढ्यांत पूर्वेकडील मुख्यांस गेलेले समजून पश्चिमेकडील प्रतींस मुख्यपद दिलें. पण पूर्वेकडे तोंवर ज्या नोंदी झाल्या होत्या त्या पश्चिमेस पोंचल्या नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या. दोन वह्या, दोन सत्यें! तीं जुळवून कारभार पूर्ववत् व्हावयास चोवीस तासांहून अधिक वेळ लागला. शेअर बाजाराचा दोष उशिराचा, हा दोष घाईचा; पण या दुसऱ्यानें होणारी हानि अधिक खोल जाते. बंद पडलेलें दुकान उद्यां उघडतां येतें. एकाच वस्तूचीं दोघांस दिलेलीं खरेदीखतें परत घेतां येत नाहींत.

हें टाळण्यासाठीं तंत्रज्ञांनीं जे नियम केले आहेत, ते आम्हांस नीतिशास्त्राच्या ग्रंथांत शोभतील असे वाटतात. पहिला नियम बहुमताचा. पांचांपैकीं तिघांचा एकमेकांशीं संबंध असेल तरच त्यांनीं नवा मुख्य निवडावा. दोघे वेगळे पडले तर त्यांनीं कितीही खात्री वाटली तरी गप्प बसावें. म्हणूनच केवळ दोन प्रति असणें फसवें. त्या एकमेकींस मेलेली म्हणूं शकतात, आणि तिसरा साक्षी नसतो. साक्ष हितसंबंधी माणसाची नसावी, हें तर मराठ्यांच्या इतिहासांत दुसऱ्यांदां दिसलें: शाहूंच्या पश्चात् ज्या रामराजास ताराबाईंनीं आपला नातू म्हणून पुढें आणलें, त्यासच त्यांनीं पुढें कैदेंत टाकून तोतया ठरविलें. दुसरा नियम असा कीं, नव्यानें हातीं शिक्का घेण्यापूर्वीं जुन्याच्या हातांतील शिक्का निकामी करावा, म्हणजे तो जिवंत असला तरी त्याचें मोर्तब चालूं नये. तिसरा नियम कारकीर्दीच्या अनुक्रमांकाचा. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या राफ्ट नांवाच्या पद्धतींत प्रत्येक हुकमावर कारकीर्दीचा आंकडा असतो, आणि आपल्याहून मोठा आंकडा पाहतांच जुना मुख्य तत्काळ पद सोडून अनुयायी होतो.

चौथा नियम आम्हांस सर्वांत थोर वाटतो. सुव्यवस्थित क्लस्टरांतील मुख्य यंत्राचा बहुमताशीं संबंध तुटला, तर तें इतरांच्या निर्णयाची वाट पाहत नाहीं. ठरलेली मुदत संपतांच तें आपण होऊन शिक्का खालीं ठेवतें. तें निरोगी असतें, त्याची वही शुद्ध असते, त्यास आपला कांहींच दोष दिसत नसतो. तरीही तें असें समजून वागतें कीं, ‘ज्यांच्यासाठीं मी हें पद धरलें त्यांचा शब्द मला ऐकूं येत नाहीं, तेव्हां दोष कोणाचा कां असेना, माझा अधिकार संपला.’

यावर विचारी वाचक आक्षेप घेईल कीं, यंत्रास अहंता नाहीं, म्हणून त्यास पद सोडणें सोपें. मनुष्यास हक्क असतो, आणि शाहूंसारखा अठरा वर्षें कैद भोगून आलेला धनी अनुयायी म्हणून उभा राहावा, असें म्हणणें अन्यायाचें होईल. आक्षेप खरा आहे. यंत्रास पद म्हणजे केवळ काम. मनुष्यास तें मानही असतें, उपजीविकाही असते, पितरांचें देणेंही असतें. म्हणून यंत्राचा नियम जसाच्या तसा मनुष्यास लावावा असें आम्ही म्हणत नाहीं. परतलेल्यास गादी परत द्यावी हा नियमही चालला असता. मागें राहून राखणाऱ्याची ती झाली हाही चालला असता. दोन्हींपैकीं कोणताही एक आधीं ठरून सर्वांनीं मान्य केलेला असता, तर देशमुखांच्या दारीं दोन हुकूम आले नसते. तडजोड न चालणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे नियमच नसणें. आणि ज्याच्या त्याच्या हिताप्रमाणें तो ऐन वेळीं सुचणें.

शिवाय हक्क आणि शिक्का या दोन वस्तु निराळ्या आहेत. हक्क माझा असूं शकेल. शिक्का कधींच माझा नसतो, तो ज्यांच्या कामीं येतो त्यांचा असतो. आपल्या गांवोगांवच्या शिक्षणसंस्था, पतपेढ्या, वाचनालयें पाहा. स्थापना करणाऱ्या पुरुषानें पन्नास वर्षें आपल्या रक्तानें त्या वाढविलेल्या असतात. त्याचा हक्क कोणी नाकारीत नाहीं. पण त्यास सभेंतलें बोलणें ऐकूं येईनासें होतें, आणि तरी सही त्याचीच लागते. दुसरें कोणी सही करूं लागलें तर तें बंड ठरतें, न करावें तर काम अडतें. अशा घरांत आणि अशा संस्थांत दुसरी गादी निघते ती बहुधा दुष्टपणानें निघत नाहीं; पहिल्यानें खालीं कसें बसावें हें कोणीं ठरविलें नव्हतें म्हणून निघते.

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें सर्वांस पाठ आहे; परंतु खणलेल्या विहिरीचें पाणी अधूनमधून उपसून पाहावें लागतें, हें फारसें कोणी बोलत नाहीं. २ मार्च २०२४ रोजीं, शनिवारीं, कोणतेंही संकट नसतांना राष्ट्रीय शेअर बाजारानें खास व्यवहार भरवून भर व्यवहारांत काम मुख्य ठिकाणाहून पर्यायी ठिकाणीं नेऊन पाहिलें. आम्हांस हें उदाहरण घरोघरीं घेण्यासारखें वाटतें. जो कर्ता आपण धडधाकट असतांना एक महिना चाव्या दुसऱ्याच्या हातीं देतो, त्या काळांत कोठें काय अडतें तें निमूटपणें पाहतो, आणि सुनेनें किंवा धाकट्या भावानें केलेली सही परत आल्यावर खोडीत नाहीं, त्यानें आपल्या घरास मृत्युपत्राहून अधिक कांहीं दिलें असें समजावें.